ओला कचरा आंबवून जिरवणं: बोकाशीची बादली आणि तिच्यानंतरची माती

घरचा ओला कचरा घरीच जिरवायचं ठरलं, की बहुतेक जण पहिल्यांदा बादली शोधायला लागतात. बोकाशीच्या, म्हणजे ओला कचरा विरजण लावून बंद बादलीत आंबवायच्या पद्धतीच्या, बाबतीत मी उलट सांगेन. आधी माती कुठे आहे ते बघा. अंगणातला वाफा, गच्चीवरच्या मोठ्या कुंड्या, नाहीतर बाल्कनीच्या कोपऱ्यात मावेल असा मातीने भरलेला टब, यांपैकी काहीतरी हाताशी असेल तरच ही पद्धत पूर्ण होते. कारण बादलीत खत होत नाही. बादलीत कचरा फक्त आंबतो, त्याचं खत होतं मातीत. नवशिक्यांची बरीचशी निराशा इथूनच येते. दोन आठवड्यांनी झाकण उघडावं तर आत साली जशाच्या तशा दिसतात, आणि प्रयोग फसला असं समजून सगळं फेकून दिलं जातं. वास्तविक तेव्हा अर्धं काम अगदी व्यवस्थित झालेलं असतं.

आत नेमकं काय चालतं

नेहमीच्या कंपोस्टला हवा लागते. हवेवर जगणारे सूक्ष्मजीव कचरा खातात, ढीग तापतो (नीट जमला तर 55 ते 65 अंश सेल्सिअसपर्यंत), कर्बाचा (कार्बनचा) मोठा भाग कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो आणि ढीग खाली बसत जातो. त्यासाठी ओला आणि सुका कचरा यांचं प्रमाण सांभाळावं लागतं, म्हणजे कर्ब आणि नत्र (नायट्रोजन) यांचं गुणोत्तर साधारण 25 ते 30 ला 1. शिवाय ढीग अधूनमधून खालीवर करावा लागतो.

बोकाशीत हवा नकोच असते. लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू आणि त्यांच्या जोडीचे यीस्ट कचऱ्यातली साखर खातात आणि आम्ल सोडतात. थोड्याच दिवसांत सामू (pH, जितका कमी तितकं जास्त आंबट) 4 च्या आसपास उतरतो. इतक्या आंबट ठिकाणी कचरा कुजवून घाण वास सोडणारे जीवाणू तग धरत नाहीत. जनावरांसाठी हिरवा चारा हवाबंद दाबून मुरघास करतात तो याच तत्त्वावर. मुरघासाचे नियमही इथे जसेच्या तसे चालतात: बारीक तोडा, दाबून हवा काढा, झाकून ठेवा, सारखं उघडून बघू नका.

हवेविना म्हटलं की मिथेन होणार, अशी शंका अनेकांना येते. मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांना तटस्थाच्या आसपासचा सामू लागतो. आंबट बादलीत त्यांची डाळ शिजत नाही. बायोगॅसच्या टाकीत आम्ल वाढलं की गॅस बंद पडतो, त्यामागेही हेच कारण असतं.

ही पद्धत जपानी शेतीतून आली. तिथले शेतकरी कोंडा, पेंड, माती वगैरे आंबवून खत म्हणून वापरत आले आहेत. ओकिनावातल्या र्‍युक्यू विद्यापीठात फलोत्पादन शिकवणारे प्राध्यापक तेरुओ हिगा यांनी 1980 च्या दशकात लॅक्टिक जीवाणू, यीस्ट आणि प्रकाशसंश्लेषक जीवाणू यांचं एक मिश्रण ‘ईएम’ या नावाने पुढे आणलं. घरगुती बादलीची आजची पद्धत त्यानंतर जगभर पसरली. या मिश्रणाबद्दल फार मोठमोठे दावे ऐकायला मिळतात, ते जरा बाजूला ठेवा. स्वित्झर्लंडमध्ये 2003 ते 2006 दरम्यान शेतावर झालेल्या चाचणीत पिकाला दिसलेला फायदा मुख्यतः त्या सूक्ष्मजीवांचा नव्हता, ज्या सेंद्रिय पदार्थासोबत ते दिले त्याचा होता. आपल्या बादलीपुरता अर्थ सरळ आहे. विरजण हवं ते कचरा लवकर आंबट व्हावा म्हणून. महागडी बाटली घेतली नाही तर काम अडेल, असं नाही.

बादली

15 ते 20 लिटरची, घट्ट झाकणाची बादली पुरते. तळाशी तोटी आणि तिच्या वर जाळी किंवा भोकांची थाळी असावी, म्हणजे कचऱ्यातून पाझरणारं पाणी खाली साठेल आणि काढता येईल. विकतची बादली घ्यायची नसेल तर एकात एक बसणाऱ्या दोन बादल्या घ्या. आतल्या बादलीच्या तळाला 5 ते 6 मिलिमीटरची पंधरा-वीस भोकं पाडा आणि ती दुसरीत बसवा. पाझर खालच्या बादलीत जमतो, वरची उचलून तो ओतून टाकता येतो. दोन बादल्यांच्या मधल्या फटीतून हवा शिरते, तिथे रुंद चिकटपट्टी गुंडाळून टाका.

तोटीचीही भानगड नको असेल तर साधी झाकणाची बादली घेऊन तळाशी फाडलेला पुठ्ठा, वर्तमानपत्राचे तुकडे किंवा कोरडा कोकोपीट यांचा चार-पाच सेंटिमीटरचा थर द्या. पाझर तो शोषून घेतो आणि शेवटी कचऱ्यासोबत मातीत जातो. कचरा फार पाणीदार नसेल तर हे उत्तम चालतं. फळांच्या साली आणि कलिंगडासारखा रसाळ ऐवज भरपूर असेल तर मात्र तोटीवाली बादलीच बरी.

बादल्या दोन लागतात. एक भरून आंबत असते तेव्हा दुसरी भरत असते. एकाच बादलीवर सुरुवात केली तर पहिली भरल्यावर दोन आठवडे कचरा कुठे टाकायचा हा प्रश्न उभा राहतो. मग लोक आंबत आलेल्या बादलीतच वरून कोंबत राहतात आणि ती बादली कधीच पुरी होत नाही.

कोंडा, म्हणजे विरजण

बोकाशीचा कोंडा तयार मिळतो. पहिल्या खेपेला तो आणायला हरकत नाही. पण घरी करणं अवघड नाही, आणि एकदा केला की काही महिने बघायला लागत नाही.

एक किलो गव्हाचा कोंडा घ्या, भाताचा चालेल. साधारण 400 मिली कोमट पाण्यात 20 मिली काकवी विरघळवा. काकवी नसेल तर तेवढाच गूळ किंवा साखर. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर ते आदल्या रात्री उघड्या भांड्यात भरून ठेवा. या पाण्यात 20 मिली ईएमचं द्रावण घाला. आता हे पाणी थोडं थोडं शिंपडत कोंडा हाताने चोळत राहा. सगळं पाणी एकदम ओतलं तर गोळे होतात आणि मधला कोंडा कोरडाच राहतो. पाणी किती पुरे, हे मापापेक्षा मुठीला विचारावं. मूठभर कोंडा आवळा. त्याचा गोळा व्हायला हवा, बोटांच्या फटीतून थेंब निघता कामा नये, आणि अंगठ्याने हलकं ढोसलं की गोळा फुटायला हवा. गोळाच होत नसेल तर आणखी शिंपडा. थेंब निघाले तर कोरडा कोंडा मिसळा.

मग हा कोंडा जाड प्लास्टिकच्या पिशवीत दाबून भरा, हवा काढून तोंड बांधा आणि उन्हापासून दूर ठेवा. उबदार हवेत दोन आठवडे, गारठा असेल तर चार. पिशवी उघडल्यावर आंबूस-गोडसर, ताज्या ब्रेडच्या जवळ जाणारा वास आला आणि वर थोडी पांढरी बुरशी असली तर कोंडा जमला. हिरवी-काळी बुरशी आणि कुबट वास असेल तर टाकून द्या, मोह करू नका. जमलेला कोंडा लगेच ओला वापरता येतो. साठवायचा असेल तर सावलीत पसरून खडखडीत वाळवा आणि हवाबंद डब्यात भरा, वर्षभर टिकतो. वाळवताना अर्धवट ओल राहिली तर डब्यातच बुरशी धरतो, म्हणून घाई नको.

ईएमची बाटली नसेल तर लॅक्टिक जीवाणू घरीही मिळवता येतात. तांदूळ धुतलेलं पाणी बरणीत घेऊन वर कापड बांधा आणि दोन-चार दिवस ठेवा. हलका आंबूस वास आला की त्यातलं एक माप दहा मापं दुधात घाला आणि पुन्हा सैल झाकून ठेवा. चार ते सात दिवसांत वर घट्ट साका जमतो आणि खाली पिवळसर, पारदर्शक पाणी राहतं. ते गाळून घ्या, तेच विरजण. फ्रिजमध्ये ते काही आठवडे टिकतं. त्याहून सोपं म्हणजे ताजं दही फडक्यात बांधून गळालेलं पाणी, तेही चालतं. या दोन्हींत ईएमसारखी सगळी मंडळी नसतात, पण बादली आंबट करायचं मुख्य काम लॅक्टिक जीवाणूंचं, आणि ते यांत भरपूर असतात.

बादलीत काय जातं

भाज्यांची देठं, फळांच्या साली, शिजवलेलं उरलंसुरलं अन्न, ब्रेड, चहा-कॉफीचा गाळ, अंड्याची टरफलं, दुधाचे पदार्थ, मांस-मासळीचे तुकडे, छोटी हाडं हे सगळं चालतं. नेहमीच्या ढिगात शिजवलेलं आणि मांसाहारी अन्न टाकलं की उंदीर-माश्यांचा त्रास होतो. ते इथे बिनघोर जातं, हा या पद्धतीचा सगळ्यांत मोठा फायदा. लिंबूवर्गीय साली आणि कांदा-लसूण टाकू नये असं काही ठिकाणी सांगतात, ते गांडूळखताच्या बाबतीत खरं आहे. बोकाशीला त्यांचं वावडं नाही.

न चालणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या पाळाव्यात. पातळ पदार्थ नकोत: आमटी-सूप, दूध, ताक, सरबत. ते गाळून फक्त चोथा घ्या. आधीच हिरवी बुरशी धरलेलं किंवा सडून वास मारणारं अन्न नको, कारण ते चुकीच्या जीवाणूंची फौज आत घेऊन येतं. राख आणि चुना नको, दोन्ही अल्कधर्मी, आम्लाला मारक. तळणीचं तेल ओतू नका, अन्नाला लागलेलं तेल ठीक. मोठी हाडं आंबतही नाहीत आणि मातीत लवकर कुजतही नाहीत. पाळीव प्राण्यांची विष्ठा तर मुळीच नाही, कारण इथे ढिगासारखी उष्णता तयार होत नाही आणि तिच्यातले रोगजंतू, जंतांची अंडी आम्लाने नक्की मरतील असा भरवसा धरता येत नाही. फळांवरचे चिकट लेबल आणि बऱ्याच टी-बॅगा प्लास्टिकच्या असतात, त्या आधीच काढून टाका.

मिठाकडेही लक्ष असू द्या. शिजवलेल्या अन्नात, लोणच्या-पापडासारख्या ऐवजात मीठ असतं. मोकळ्या जमिनीत पावसाच्या पाण्याने ते खाली निघून जातं, पण कुंडीत साठत राहतं. तुमची माती फक्त कुंड्यांतच असेल तर बादलीत साली आणि देठं जास्त, खारट उरलंसुरलं कमी, असा बेत ठेवा.

भरण्याची रीत

तळाच्या जाळीवर दोन मुठी कोंडा पसरा. कचऱ्याचे तुकडे तीन-चार सेंटिमीटरचे करा. सालीचं मोठं फाक, कोबीचा गड्डा, मक्याचं कणीस तसंच टाकलं तर मध्ये हवेचे खिसे राहतात आणि आंबायलाही वेळ लागतो. कचऱ्याचा तीन-चार सेंटिमीटरचा थर झाला की वरून मूठभर कोंडा भुरभुरवा. मांस, मासे, चीज किंवा बराच भात असेल तर दोन मुठी. मग दाबा. बटाटे कुस्करायचा दांडा, जुनी ताटली, विटेला गुंडाळलेली पिशवी, जे असेल ते वापरा, पण भार देऊन दाबा. शेवटी कचऱ्याच्या पृष्ठभागाला चिकटून बसेल असं प्लास्टिक किंवा बादलीच्या आत मावणारी ताटली ठेवा आणि झाकण घट्ट लावा.

या शेवटच्या ताटलीला लोक फारसं महत्त्व देत नाहीत. पण बादली पाव भरली असताना वरचा पाऊण भाग हवाच असतो, झाकण कितीही घट्ट असलं तरी. ताटली ती हवा कचऱ्यापासून लांब ठेवते.

बादली दिवसातून एकदाच उघडा. दिवसभराचा कचरा ओट्यावरच्या छोट्या डब्यात जमवा आणि रात्री एकदम टाका. दोन दिवसांनी एकदा टाकलंत तरी चालेल, तोवर डबा फ्रिजमध्ये ठेवा. दर देठागणिक झाकण उघडणं हा बादली बिघडवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. कोंडा किती, हा प्रश्न सुरुवातीला सगळ्यांना पडतो. 20 लिटरच्या बादलीला सुमारे अर्धा किलो लागतो असं धरून चला. जास्त पडला तर काही बिघडत नाही, कमी पडला तर बिघडतं. पहिली बादली हात सैल सोडूनच भरा.

पाझर

पहिल्या आठवड्यानंतर तोटीतून पिवळसर-तपकिरी, आंबट वासाचं पाणी यायला लागतं. ते दोन-तीन दिवसांआड काढा. तळाशी साठून राहिलं तर खालचा थर त्यात बुडतो आणि सडायला लागतो. पाझर अजिबात आला नाही तरी घाबरू नका. कचरा कोरडा असेल, ब्रेड-भात जास्त असेल, तर तो येतच नाही.

हे पाणी झाडांना अमृत म्हणून विकणारेही भेटतात. त्यात पोषक द्रव्यं असतात हे खरं, पण किती ते त्या वेळच्या कचऱ्यावर ठरतं आणि दर खेपेला बदलतं. शिवाय ते चांगलंच आंबट असतं. तसंच ओतलं तर मुळं भाजतात. 1 लिटर पाण्यात 10 मिली, म्हणजे शंभरास एक, या प्रमाणात पातळ करून वाढलेल्या झाडांच्या मातीत घाला. पानांवर शिंपडू नका, कोवळ्या रोपांना देऊ नका, आणि कच्च्या खायच्या पालेभाज्यांच्या वाफ्यातही नको. काढल्या दिवशीच वापरा. बाटलीत भरून ठेवलं की ते बिघडतं आणि त्याचा वास घरभर होतो. झाडांना द्यायचं नसेल तर मोरीत किंवा संडासात ओतून वर पाणी सोडा.

दोन आठवडे विसरा

बादली काठोकाठ आली की वरून नेहमीपेक्षा जास्त कोंडा टाका, शेवटचं दाबून घ्या, प्लास्टिक अंथरा, झाकण लावा आणि त्यावर तारीख लिहा. इथून दोन आठवडे झाकण उघडायचं नाही, फक्त पाझर काढत राहायचं. जागा सावलीतली आणि उबदार हवी. 20 ते 30 अंशांच्या दरम्यान काम छान चालतं. 15 च्या खाली ते मंदावतं, तेव्हा तीन-चार आठवडे द्या. थेट उन्हात ठेवू नका. दोन आठवड्यांहून जास्त राहिली तरी नुकसान नाही. झाकण घट्ट असेल आणि पाझर साठू दिला नसेल तर भरलेली बादली महिना-दोन महिने तशीच थांबते. माती तयार नसेल किंवा गावाला जायचं असेल तर ही सोय कामाची आहे.

झाकण उघडल्यावर काय दिसायला हवं, ते नीट सांगतो, कारण इथेच लोक अडतात. केळ्याची साल ही केळ्याची साल म्हणून ओळखू येते. फक्त तिचा रंग मळकट तपकिरी झालेला असतो आणि बोटांत धरली की ती लुळी, ओलसर लागते. गाजराचा तुकडा कडक दिसतो, पण चिमटीत दाबला की फुटतो. अंड्याची टरफलं मऊ पडलेली असतात. वर ठिकठिकाणी कापसाच्या विरळ पुंजक्यांसारखी पांढरी बुरशी असते. बादली फारशी खाली बसलेली नसते, भरली होती जवळपास तेवढीच असते. वास आंबट, थोडासा दारूच्या अंगाने जाणारा, नाकाला झोंबणारा असतो, पण तोंड फिरवावं असा नसतो. शंका असेल तर सामू मोजायची पट्टी पाझरात बुडवा. 4 किंवा त्याखाली आली तर निश्चिंत व्हा. 5 च्या वर असेल तर कोंडा टाकून आणखी आठवडाभर बंद ठेवा.

मातीत

आता खरं काम. आंबलेला कचरा मातीत मिसळला की मातीतले सूक्ष्मजीव त्यावर तुटून पडतात. लॅक्टिक आम्ल हे त्यांचं खाद्यच आहे. दोन आठवड्यांच्या आसपास आम्ल संपतं, सामू तटस्थाकडे येतो आणि सालींचे आकार नाहीसे होतात. म्हणून वेगळा चुना टाकायची गरज नसते. गरज असते ती वाट पाहण्याची आणि नीट मिसळण्याची.

जमीन असेल तर 25 ते 30 सेंटिमीटर खोल चर खणा. तळाशी बादली रिकामी करा आणि फावड्याने तिथल्याच मातीत कालवा. कचऱ्याचा गोळा तसाच पडून राहिला तर आतून हवा मिळत नाही आणि तो महिनोन्‌महिने आंबट राहतो. मातीचा कण प्रत्येक तुकड्याला लागला पाहिजे. वर किमान 15 सेंटिमीटर माती ओढा. चर झाडाच्या बुंध्यापासून 30 सेंटिमीटर तरी लांब असू द्या. दोन आठवड्यांनी त्या जागी रोपं लावता येतात, बी पेरायचं असेल तर चार आठवडे थांबा. कुत्री किंवा घुशी उकरतील अशी भीती असेल तर वर फळी किंवा जाळी ठेवून विटांचं वजन द्या. काही दिवसांत आंबट वास मरतो, मग त्यांनाही त्यात रस उरत नाही.

कुंडीत भरायचं असेल तर खालचा तिसरा भाग निव्वळ माती, मधला तिसरा भाग आंबलेला कचरा आणि माती समप्रमाणात कालवून, वरचा तिसरा भाग पुन्हा माती. झाकून तीन-चार आठवडे बाजूला ठेवा, मग रोप लावा.

जमीन नाही आणि रिकामी कुंडीही नाही, अशांसाठी मातीचा टब. माझं मत विचाराल तर फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी. 40-50 लिटरचा टब किंवा क्रेट घ्या, तळाला भोकं पाडा, खाली ताट ठेवा. झाड काढून टाकलेल्या कुंडीची थकलेली माती यासाठी उत्तम. नवी, महाग माती वापरायचं कारण नाही. दोन मापं मातीला एक माप आंबलेला कचरा घ्या, खुरप्याने मोठे तुकडे तोडत सगळं एकजीव करा आणि वरून पाच-सात सेंटिमीटर निव्वळ मातीचा थर द्या. हा थर वास आणि चिलटं दोन्ही अडवतो. टब हवाबंद करू नका, कारण इथून पुढचं काम हवेवर जगणाऱ्यांचं आहे. वर पोतं किंवा सैल झाकण टाका. ओल मुठीत घेतलेली माती गोळा धरेल इतपतच ठेवा. पावसाचं पाणी आत जाऊ देऊ नका.

पहिल्या दोन-चार दिवसांत टब हाताला किंचित कोमट लागतो. आठवड्याने एकदा खालीवर करा. उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत, थंडीत दीड-दोन महिन्यांत आत नुसती काळसर, भुसभुशीत माती उरते. मधूनच टरफलाचा किंवा आंब्याच्या कोयीसारखा एखादा चिवट तुकडा सापडेल, तो पुढच्या खेपेला पुन्हा आत टाका. तयार झाली की निम्मी माती काढून कुंड्यांना द्या, निम्मी टबातच ठेवा आणि पुढची बादली तिच्यात कालवा. या मातीत सूक्ष्मजीव आधीच कामाला लागलेले असतात, त्यामुळे दुसरी खेप पहिलीपेक्षा लवकर जिरते.

गांडुळांचा डबा असेल तर ताजा आंबलेला ऐवज त्यांच्यावर एकदम ओतू नका. आम्लामुळे ती पळून जातात. आधी आठवडाभर मातीत मुरू द्या, मग एका कोपऱ्यात थोडा ठेवून बघा. आवडला की ती आपणहून तिकडे जमतात. नेहमीचा कंपोस्टचा ढीग असेल तर हा ऐवज ओला कचरा समजून मध्यभागी पुरा आणि वर सुका पालापाचोळा टाका.

बिघडलं तर

कुजलेल्या अंड्यासारखा किंवा सडक्या मांसासारखा वास येत असेल तर आंबणं सुरूच झालेलं नाही. कारण बहुधा तीनांपैकी एक असतं: कोंडा कमी, पाझर साठलेला, किंवा झाकण सैल. पाझर काढा, तीन-चार मुठी कोंडा टाका, जोरात दाबा, बंद करा. आठवड्याने वास आंबट झाला तर बादली वाचली. तसाच राहिला तर सगळं जमिनीत नेहमीपेक्षा खोल पुरा, कोंडा भरपूर मिसळा आणि दोन महिने त्या जागेला हात लावू नका.

हिरवी किंवा काळी बुरशी एखाद्या ठिपक्याएवढी असेल तर तेवढा भाग काढून टाका आणि वर कोंडा शिंपडा. सगळ्या पृष्ठभागावर पसरली असेल तर झाकण नीट बसत नाही असं समजा. झाकणाच्या खाचेत अडकलेला एखादा भाताचा दाणासुद्धा हवा आत घ्यायला पुरेसा असतो, म्हणून दर वेळी कडा पुसून मगच लावा.

अळ्या दिसल्या तर माशीने अंडी बहुधा ओट्यावरच्या डब्यातच घातलेली असतात, बादलीत नव्हे. त्या डब्याला झाकण ठेवा. अळ्या पडलेली बादली लवकर मातीत खोल पुरून टाकणं सोपं. मातीच्या टबात चिलटं झाली तर वरचा कोरड्या मातीचा थर वाढवा आणि पाणी कमी करा.

टबातून आठवडाभरानंतरही आंबट वास येत असेल तर माती कमी पडली आहे किंवा फार ओली आहे. कोरडी माती मिसळा, खालीवर करा. लावलेल्या रोपांची पानं कडेने करपत असतील तर घाई झाली. रोपं काढून दुसऱ्या मातीत लावा आणि ती कुंडी आणखी दोन आठवडे तशीच ठेवा.

तोटी तुंबली तर तिच्यात काडी घालून खुपसू नका, गाळ आणखी आत जातो. तोंडाला रबरी नळी लावून कोमट पाण्याचा उलटा झोत सोडा. बादली रिकामी झाली की साध्या पाण्याने आणि ब्रशने धुवा. ब्लीच किंवा जंतुनाशक नको, त्याचा अंश उरला तर पुढच्या खेपेच्या विरजणालाच नडतो. धुतल्यावरही प्लास्टिकला हलका आंबट वास राहतो. उन्हात तासभर पालथी घाला, कोरडी झाली की जाळी बसवा आणि तिच्यावर पुन्हा दोन मुठी कोंडा पसरा.